सापळ्यातलं हे पाखरू गुलाबी बोंडअळीचंच आहे का? पंखांवरून कसं ओळखायचं?

कपाशीवाला_राळेगाव | ११ ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात आमची तीन एकर कपाशी आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात टोबली. आता पात्या (फुलाच्या कळ्या) धरल्यात, कुठं कुठं फूल दिसतंय. यंदा पहिल्यांदाच एकरी दोन या हिशेबानं सहा कामगंध सापळे लावलेत, गुलाबी बोंडअळीच्या ल्युअर, म्हणजे नराला ओढणाऱ्या मादीच्या गंधाच्या गोळ्या, टाकून. रोज सकाळी पिशवी सोडतो, पाखरं मोजतो अन् वहीत लिहितो.

गेल्या तीन दिवसांत पहिल्या सापळ्यात ९, ११ आणि १२ आली. बाकीच्या पाचांत मिळून परवा २, काल एकही नाही, आज १. आमच्या कृषी सहायकांनी सांगून ठेवलंय की एका सापळ्यात रोज ८ पतंग सलग तीन दिवस आले की हात हलवायला हवा. त्या हिशेबानं पहिला सापळा पातळीच्या वर गेला. औषध आणून ठेवलंय, फवारणीवाला उद्या सकाळी सातला येतो म्हणालाय.

पण मन मानत नाही. एकाच सापळ्यात एवढी कशी? ही अळी मी बोंड फोडून हजार वेळा पाहिली असेल, अंधारातही ओळखीन. तिचं पाखरू मात्र आजवर नीट पाहिलेलं नाही. सापळ्यात आहे ते लांबीला धानाच्या दाण्याएवढं, रंगानं मळकट, पंखांच्या कडेला केसांची झालर. फोटो जोडलाय, पण धूसर आलाय. हे गुलाबीचंच का? पंखावर नेमकं काय पाहायचं?

वऱ्हाडी_काका | ११ ऑगस्ट, रात्री १०.०५

भाऊ, विचार कशाले करता? सापळ्यात गुलाबीची ल्युअर हाय तं पाखरू गुलाबीचंच येणार. २०१७ साली मी बी उद्या पाहू, उद्या पाहू करत बसलो. वरून बोंडं हिरवीगार, टपोरी. फोडली तं आत सरकी पोखरलेली अन् कापसाची कवडी झालेली. वेचणीचा खर्चही निघाला नाही. फवारून मोकळे व्हा.

रानमोगरा | ११ ऑगस्ट, रात्री १०.३०

काका, तुमचं नुकसान मी समजू शकते, आमच्या घरीही त्या वर्षी तेच झालं. पण त्याच २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, हेही आपण पाहिलंय. माझा मावसभाऊ आठ दिवस दवाखान्यात होता. दुसऱ्याच्या शेतात रोजानं फवारायला गेला होता. म्हणून म्हणते, पंप पाठीवर चढवायच्या आधी सापळ्यात आहे ते पाखरू कोणतं, हे कळायलाच हवं. दादा, तुमचा पहिला सापळा कुठे लावलाय? घराजवळ आहे का?

भिंगवाली_नाशिक | ११ ऑगस्ट, रात्री ११.१५

कपाशीवाला दादा, फवारणी एक दिवस पुढे ढकला. एका दिवसानं पीक जाणार नाही. मी शेतकरी नाही, पण गेली नऊ वर्षं रात्री पांढरा पडदा आणि दिवा लावून पतंग पाहते, आणि या गटातल्या छोट्या पतंगांनी मला भरपूर छळलंय. वरवर पाहिलं तर सगळे सारखेच मळकट दिसतात.

तुमच्या फोटोत पाखराचे पंख मिटलेले आहेत. मिटलेले असताना फक्त पुढची जोडी दिसते. खरी ओळख मागच्या जोडीत आहे आणि ती पुढच्या जोडीखाली झाकलेली असते. तेव्हा असं करा. सापळ्यातलं त्यातल्या त्यात ताजं पाखरू घ्या. जे रात्रभर पिशवीत फडफडलंय ते नको. पतंगाच्या पंखावरचा रंग म्हणजे कौलांसारखे एकावर एक बसवलेले बारीक खवले. फडफडून ते झडतात. मग बोटाला पिठूळ लागतं, पंख टकला दिसतो आणि ठिपके कुठे होते ते कोणालाच सांगता येत नाही. मेलेलं पाखरू थर्माकोलच्या तुकड्यावर पांढऱ्या कागदावर ठेवा, पाठीत एक टाचणी टोचा. दुसऱ्या टाचणीनं पुढचा पंख अलगद डोक्याकडे सरकवा. मागचा पंख आपोआप उघडतो. टॉर्च वरून नको, बाजूनं धरा. भिंग असेल तर ते मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून फोटो काढा.

आता गुलाबी बोंडअळीचं पाखरू कसं असतं ते सांगते. पंख पसरून दीड ते दोन सेंटिमीटर. पुढचा पंख लांबट आणि टोकाला निमुळता. रंग करडट तपकिरी, आणि त्यावर काळपट शिंतोडे. त्यांना ठरावीक आकार नसतो. काही ठिकाणी ते एकमेकांत मिसळून आडव्या पुसट पट्ट्यांसारखे दिसतात. राखेत मिरी भरडून टाकावी तसा तो पंख दिसतो. मागचा पंख अगदी वेगळा: पुढच्यापेक्षा रुंद, चंदेरी करडा, त्यावर एकही ठिपका नाही, आणि मागच्या कडेला जुन्या लुगड्याच्या पदराच्या दशांसारखी लांब झालर. प्रकाश तिरका पडला की ती कड चमकते.

डोकं तांबूस तपकिरी. तोंडासमोरून दोन मिशा वर वळलेल्या असतात, खिल्लार बैलाच्या शिंगांसारख्या, आणि त्यांच्या मधल्या भागावर खवल्यांचा झुपका. आणखी एक खूण भिंगाखेरीज दिसत नाही. स्पर्शिकेच्या अगदी मुळाशी पाच-सहा ताठ केसांची फणी असते. पेक्टिनोफोरा गॉसिपिएला या तिच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द त्या फणीवरूनच आलाय, फणी धारण करणारा. मला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि सांगायला घरात कोणी जागं नव्हतं!

हे सगळं जुळलं तर गुलाबी. पण शिंगं आणि झालर एवढ्यावरच थांबू नका, त्याच कुळातल्या इतर पतंगांनाही ती असतात.

कपाशीवाला_राळेगाव | १२ ऑगस्ट, सकाळी ८.५०

ताई, फवारणीवाल्याला फोन करून परत पाठवलं. सकाळी माझ्या मुलीनं, ती नववीत आहे, तिच्या कंपासपेटीतलं भिंग दिलं आणि सगळं तिनंच केलं. माझ्या बोटांना ते जमत नव्हतं.

पाहिलं ते सांगतो. पहिल्या सापळ्यातली सहा पाखरं उघडली. पुढचा पंख पिवळसर आहे, गव्हाच्या काडासारखा. काळे शिंतोडे म्हणावे तसे नाहीत, एखाददुसरा बारीक ठिपका. मागचा पंख करडा आहे पण रुंद नाही, अरुंदच आहे, आणि त्याचं टोक बोट पुढं करावं तसं एकदम बारीक होऊन बाहेर आलंय. झालर खूप लांब, पंखाच्या रुंदीपेक्षाही जास्त. मुलगी म्हणते, पंख कमी आणि झालरच जास्त.

चौथ्या सापळ्यात काल एक आलं होतं, तेही उघडलं. ते गडद तपकिरी, शिंतोडे आहेत, मागचा पंख रुंद. दोन्ही शेजारी ठेवली तर लगेच फरक कळतो. फोटो जोडतोय.

रानमोगरा ताई, तुमचा अंदाज बरोबर. पहिला सापळा धुऱ्यावर आहे अन् धुऱ्याला लागूनच आमचा गोठा. गोठ्याच्या माळ्यावर गेल्या साली राहिलेली ज्वारीची चार पोती आहेत.

कीटकशास्त्र_परभणी | १२ ऑगस्ट, दुपारी १.२०

फोटो पाहिले. पहिल्या सापळ्यातला पतंग गुलाबी बोंडअळीचा नाही. हा साठवलेल्या धान्यातला पतंग आहे, सिटोट्रोगा सिरिअलेला. बोटासारखं बाहेर आलेलं मागच्या पंखाचं टोक आणि काडासारखा पिवळा रंग ही त्याची खूण. तुमच्या मुलीनं फार छान काम केलंय, तिला माझ्यातर्फे शाबासकी द्या. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मागचा पंख न फाडता उघडायला आठवडा लागतो.

माळ्यावरची ज्वारी ओंजळीत घेऊन बघा. काही दाण्यांना गोल भोक दिसेल, काहींवर झाकणासारखा पातळ पापुद्रा असेल. अळी आतून दाणा पोखरते, कोषात जाण्याआधी ती खिडकी तयार ठेवते, आणि पतंग तो पापुद्रा ढकलून बाहेर येतो. पावसाळ्यात दमट हवेत ही पाखरं वाढतात.

आता प्रश्न राहतो की गुलाबीच्या ल्युअरला ज्वारीचं पाखरू का आलं. हे योगायोगानं घडलेलं नाही. गुलाबी बोंडअळीची मादी नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते त्यात दोन घटक जवळजवळ समप्रमाणात असतात. १९७३ साली तो ओळखला गेला आणि त्याला गॉसिप्लुअर म्हणतात. दोन्ही घटकांत अणू तेच आणि तेवढेच, फक्त एका दुहेरी बंधाची बाजू वेगळी. आणि यातला एक घटक हाच धान्यातल्या पतंगाच्या मादीचा गंध आहे. दोन्ही पतंग एकाच कुळातले, गेलेचिडी कुळातले. त्यामुळे तुमच्या ल्युअरच्या वासानं कपाशीतला नर येतो, तसाच गोठ्यातलाही येतो. ल्युअर चांगली आहे, सापळा फक्त चुकीच्या जागी लागलाय.

सापळा गोठा, घर, गोदाम आणि जिनिंग यांपासून लांब, पिकात आत घ्या. जिनिंगच्या आसपास आणखी एक अडचण असते. तिथे सरकीत दडलेल्या अळ्यांतून खरोखरच गुलाबीचे पतंग निघतात आणि त्यांचा आकडा तुमच्या शेताचा नसतो.

वऱ्हाडी_काका | १२ ऑगस्ट, दुपारी २.००

म्हणजे ज्वारीच्या पाखरासाठी कपाशी फवारणार होतो आपण.

कपाशीवाला_राळेगाव | १२ ऑगस्ट, दुपारी २.१५

हो काका. औषधाचे एकोणीसशे रुपये अन् मजुरी वेगळी. अन् फवारलं असतं तर पात्यांवरच्या मित्रकिडी मेल्या असत्या ते वेगळंच.

सेलूची_माती | १२ ऑगस्ट, संध्याकाळी ७.३०

धागा वाचून मीही माझ्या पिशव्या पाहिल्या. माझ्याकडे वेगळंच निघालं. जाड, दणकट पाखरं, दीड-दोन सेंटिमीटर लांब, पुढच्या पंखाच्या मध्यावर मूत्रपिंडाच्या आकाराचा गडद डाग. मागचा पंख फिकट आणि बाहेरच्या कडेला रुंद काळपट पट्टा. हे काय? मी दुकानात गुलाबीची ल्युअर मागितली होती.

भिंगवाली_नाशिक | १२ ऑगस्ट, रात्री ८.१०

ही घाटेअळी, म्हणजेच अमेरिकन बोंडअळीचं पाखरू. मूत्रपिंडाचा डाग आणि मागच्या पंखाचा काळा काठ ही पक्की खूण. गुलाबीच्या गंधाला ही येत नाही. तुम्हाला ल्युअरच चुकीची मिळालीय. पाकीट बघा, त्यावर हेलिल्युअर लिहिलेलं असेल. गुलाबीसाठी पेक्टिनोल्युअर किंवा गॉसिप्लुअर लिहिलेलं हवं.

सेलूची_माती | १२ ऑगस्ट, रात्री ८.४०

पाकीट उकिरड्यातून शोधून काढलं. हेलिल्युअरच आहे. दुकानदारानं "सगळी एकच" म्हणून दिली होती. पाच आठवडे मी गुलाबी नाही, गुलाबी नाही म्हणून निवांत होतो. फार वाईट वाटतंय. उद्याच बदलतो.

रानमोगरा | १२ ऑगस्ट, रात्री ९.००

मग ठिपक्यांच्या बोंडअळीचं पाखरू कसं असतं? भेंडीवर येते ती.

भिंगवाली_नाशिक | १२ ऑगस्ट, रात्री ९.२५

ते फार देखणं असतं! पुढचा पंख मलईच्या रंगाचा आणि मधोमध बुडापासून कडेपर्यंत रुंद होत गेलेली पोपटी पाचर. पानावर बसलं तर वाटतं पात्याचा तुकडाच गळून पडलाय. तिची बहीण काटेरी बोंडअळी, तिचा पुढचा पंख बहुधा सगळा हिरवा. दोघींचेही मागचे पंख रेशमी पांढरे. या दोन पाखरांचा आणि गुलाबीचा घोळ होणं शक्य नाही.

मूळचा_अकोलेकर | १३ ऑगस्ट, सकाळी ६.१५

मी ॲरिझोनात असतो, काही वर्षं कपाशीच्या किडींवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत होतो. धागा वाचून राहवलं नाही.

या किडीला नाव मिळालं ते आपल्याकडच्या नमुन्यांवरून. १८४० च्या दशकात भडोचच्या कपाशीतून पाठवलेल्या पतंगांवरून साँडर्स या कीटकशास्त्रज्ञानं तिचं वर्णन केलं. पुढे ती जगभर गेली, अमेरिकेतही आली. इथे ती संपवायला बीटी कपाशी (जनुक बदलून बोंडअळीला मारक केलेलं वाण), नरांना चकवणाऱ्या गंधाच्या दोऱ्या, हंगामानंतर पऱ्हाटी मोडून जमिनीत गाडणं हे तर केलंच, शिवाय फिनिक्सच्या केंद्रात लाखोंनी पतंग वाढवून, त्यांना किरणांनी नापीक करून विमानातून शेतांवर सोडले. रानातल्या मादीला नापीक नर भेटला की अंडी उबत नाहीत.

पण सापळ्यात आलेला नर रानातला की सोडलेला, हे पंखांवरून सांगता येत नव्हतं, दोघांची राख-मिरी सारखीच. म्हणून केंद्रात अळ्यांच्या खाद्यातच लाल रंग मिसळायचे. तो रंग पतंगाच्या पोटात टिकून राहतो. सापळ्यातलं पाखरू कागदावर दाबायचं. कागद लाल झाला तर आपलं, नाही झाला तर रानातलं. अशी हजारो पाखरं मी दाबली आहेत. लाल न झालेली शेवटी शेवटी दिसेनाशीच झाली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ही कीड अमेरिकेच्या कपाशीतून संपल्याचं जाहीर झालं.

माझ्या गावी मात्र बीटी २००२ साली आलं आणि आठ-दहा वर्षांत अळी त्याला सरावली. पहिल्यांदा गुजरातेत, मग आपल्याकडे. इथे बसून ते वाचताना फार लागायचं.

कीटकशास्त्र_परभणी | १३ ऑगस्ट, सकाळी १०.४०

अकोलेकर, ही माहिती दिल्याबद्दल मनापासून आभार. आपल्याकडे फरदड हे मोठं कारण आहे. डिसेंबरनंतर पाणी देऊन पीक पुढे ओढलं की अळीला सतत घर मिळतं. नाहीतर ती दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या आत सुप्तावस्थेत पडून राहते आणि पुढच्या हंगामाची वाट पाहते.

मोजणीबद्दल एक सांगायचं राहिलं. सापळ्यात फक्त नर येतात. मादी त्याच शेतात पात्यांवर आणि फुलांवर अंडी घालत असते, ती तुम्हाला दिसणार नाही. दिवसा पतंग जमिनीच्या भेगांत आणि पाचोळ्यात लपतात. म्हणून सापळ्याचा आकडा आणि डोमकळ्या दोन्ही पाहा. गुलाबाच्या कळीसारखं गुरफटलेलं, न उमललेलं फूल म्हणजे डोमकळी. शंभर फुलांत दहा डोमकळ्या ही दुसरी पातळी. बोंडं धरली की वीस हिरवी बोंडं फोडून पाहा, दोन किडकी निघाली तर तिसरी.

कपाशीवाला_राळेगाव | १६ सप्टेंबर, सकाळी ९.३०

महिन्याभरानं धागा वर आणतोय. पहिला सापळा गोठ्यापासून काढून पिकात मधोमध लावला. त्या दिवसापासून त्यात पिवळं पाखरू एकदाच आलं. ज्वारी उन्हात घालून चाळली, निम्मी कोंबड्यांना गेली. दाण्यांना झाकणं होती, सर म्हणाले तशीच.

गेल्या आठवड्यात चौथ्या सापळ्यात गुलाबीची पाखरं वाढायला लागली. ३, ५, ६, आज ८. मुलगी रोज एक उघडून वहीत चिकटवते, शेजारी तारीख आणि सापळ्याचा नंबर. आता मला भिंगाशिवाय कळतं. पिशवीत बसलेलं असतानाच त्याचा गडदपणा ओळखू येतो.

काल त्या भागातली शंभर फुलं मोजली. चार डोमकळ्या. एक उघडली, पाकळ्या आतून रेशमानं शिवल्यासारख्या चिकटलेल्या, अन् मधे पांढुरकी बारीक अळी, अजून गुलाबी झालेली नव्हती. चारही तोडून जाळल्या. आज पूर्ण तीन एकरात फिरून दिसेल ती डोमकळी तोडणार आहोत, घरची सगळी माणसं येतील. ट्रायकोकार्ड, म्हणजे मित्रकिडी असलेली कार्डं, सांगून ठेवलीत, परवा मिळतील. फवारणी अजून एकही नाही. उद्या-परवाचा आकडा बघून ठरवू.

भिंगवाली_नाशिक | १६ सप्टेंबर, सकाळी १०.००

दादा, त्या वहीच्या पानांचे फोटो इथे टाका ना. आणि मुलीला सांगा, ट्रायकोकार्डवर जे दाणे दिसतील तीही एका पतंगाचीच अंडी आहेत, तांदळातल्या पतंगाची, आत मित्रकिडीची पिल्लं वाढतात. कार्ड लावायच्या आधी भिंगाखाली एकदा बघू दे. अंडी काळी पडलेली असतील.

वऱ्हाडी_काका | १६ सप्टेंबर, संध्याकाळी ६.४५

राळेगावकर भाऊ, मी बी सहा सापळे लावले. दोन सापळ्यांत पाखरं हायेत, पण माझी नजर आता पहिल्यासारखी राह्यली नाही, पिवळं का काळं ते समजत नाही. रविवारी तुमच्या गावाकडं लग्नाले येऊन राह्यलो. पाखरं आगपेटीत भरून आणतो. पोरीले म्हणा, भिंग घरीच ठेवजो.